डिजिटल पियानोत बोटांखालची थरथर कशी आणायची? (खालच्या मजल्यावरच्यांची झोप न मोडता)

गिरगावकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे. हसलात तरी चालेल, पण हसून झालं की उत्तर द्या.

लहानपणी आम्ही ठाकुरद्वारला राहायचो आणि मी पियानो शिकायला चालत कावेलला जायचे. मिसच्या घरी लाकडी तक्तपोशीवर एक जुना उभा जर्मन पियानो होता. पावसाळ्यात त्याच्या पट्ट्या फुगून अडकायच्या, म्हणून मिस त्याच्या पोटात बारीक बल्ब पेटता ठेवायच्या. सूर कधीच धड लागलेला नसे. पण डाव्या हाताने खालचा 'जी' दाबून धरला की तो बोटातून मनगटापर्यंत यायचा. स्टुलातून यायचा, तळपायातूनही यायचा. मिस म्हणायच्या, "डोंट लिफ्ट, बाय, वेट फॉर इट टु डाय." तो विझताना बोटालाच कळायचं, कान लावावा लागत नसे.

मग लग्न, बोरिवली, नोकरी, ८.०७ची फास्ट. पियानो सुटला तो सुटलाच. आता निवृत्त झाल्यावर मुलाने डिजिटल आणून दिलाय. ८८ पट्ट्या, वजनदार, लोखंडी स्टँडवर ठेवायचा. आवाज मिसच्या पियानोपेक्षा शंभरपट चांगला आहे, खोटं कशाला बोलू? पहाटे पाणी यायच्या आधी मी हेडफोन लावून वाजवते. कानात एवढा मोठा ग्रँड पियानो घुमत असतो आणि बोटांखाली काहीही नसतं. खालचा 'जी' दाबा नाहीतर वरचा, पट्टी तेवढीच मुकी. सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, ही नॉस्टॅल्जिया आहे." असेलही. पण माझं बोट काही कविता करत नाही हो, त्याला खरंच काहीतरी कमी पडतंय.

तर विचारायचं असं, की पट्ट्यांना खालून थरथर देणारं काही लावता येतं का? लॅमिंग्टन रोडला मिळेल असं, पाच-सात हजारांत बसेल असं. नवीन पियानो घ्या असं कृपया सांगू नका, जागाही नाही आणि तेवढे पैसेही नाहीत. दुसरं म्हणजे आमच्या खाली एक काका राहतात, त्यांची झोप पोस्टाच्या पाकिटाइतकी पातळ आहे. हेडफोन लावूनही त्यांना रात्री 'टक टक' ऐकू येते असं ते लिफ्टमध्ये दोनदा सुचवून गेलेत.

पाणीपुरी_अँड_बाख

ताई, हसलो नाही. सुनेला सांगा की मोठ्या कंपन्या याच थरथरीचे पैसे घेतात. यामाहाने २००९ साली अवांतग्रँड एन३ काढला, त्यात पट्ट्यांना कंप देणारे ट्रान्सड्यूसर बसवले होते. कवाईच्या सीए मालिकेतल्या वरच्या मॉडेलांत स्पीकरबरोबर खरा लाकडी साउंडबोर्ड, म्हणजे सूर मोठा करणारी पातळ फळी, असतो, त्याला मागून ट्रान्सड्यूसर हलवतो. रोलंडच्या एलएक्स-९ मध्येही पट्ट्यांना कंपन दिलंय. नॉस्टॅल्जियासाठी कोणी एवढी इंजिनिअरिंग करत नाही.

बाकी तांत्रिक बाबतीत सदोबाला बोलवा, तो कुठेतरी असेलच.

सर्किट_सदोबा

आलो.

गिरगावकरीणताई, आधी तुमच्या बोटाला काय कळत होतं ते सांगतो, म्हणजे काय विकत घ्यायचं आणि काय नाही ते आपोआप ठरेल.

खऱ्या पियानोत तार हलते, तार ब्रिजवर, म्हणजे लाकडी घोडीवर, बसलेली असते, ब्रिज साउंडबोर्डवर. साउंडबोर्डचा कंप चौकटीत जातो, चौकटीतून पट्ट्यांखालच्या जाड फळीत, फळीतून पट्टीत, पट्टीतून तुमच्या बोटात. शिवाय पट्टी दाबून धरली असेल तोवर त्या तारेवरचा डँपर, म्हणजे तार गप्प करणारी फेल्टची गादी, उचललेला असतो, म्हणजे जोवर बोट खाली तोवर तार जिवंत. मिस 'डोंट लिफ्ट' म्हणायच्या त्यात हे सगळं आलं. आणि हे एकाच पट्टीपुरतं नसतं. डाव्या हाताने जोरात कॉर्ड वाजवून उजव्या हाताचं बोट दुसऱ्याच पट्टीवर नुसतं टेकवा, तिथेही कळतं.

आता त्वचेचं गणित. बोटाच्या टोकाला सगळ्यात चांगलं कळतं ते २५० हर्ट्झच्या आसपासचं कंपन. १००० हर्ट्झच्या वर जवळजवळ काहीच कळत नाही. मधला 'सी' २६१.६ हर्ट्झचा आहे, म्हणजे बरोब्बर नेमक्या जागी. वरचा वरचा 'सी' १०४६ ला जातो, तिथून पुढे खऱ्या ग्रँडवरही बोटाला सूर लागत नाही, नुसती हातोडीची टिचकी लागते. उलट सगळ्यात खालचा 'ए' २७.५ हर्ट्झचा, पण तो मूळ सूर साउंडबोर्डमधून फार कमी बाहेर पडतो. तिथे जे जाणवतं त्यात त्याच्या हार्मोनिक्सचाच, म्हणजे त्याच तारेतून निघणाऱ्या वरच्या पटीतल्या सुरांचाच, वाटा मोठा.

यातून पहिली गोष्ट निघते ती अशी, की दुकानदार तुम्हाला 'बास शेकर' देईल आणि सोबत सबवूफरचा बोर्ड. तो बोर्ड घेऊ नका. तो १००-१५० हर्ट्झच्या वरचं सगळं कापून टाकतो, आणि तुमच्या बोटाला जे हवंय ते नेमकं तिथून वर आहे. सिनेमातल्या स्फोटाला सोफा हलवण्यासाठी ती वस्तू ठीक. तुम्हाला हवाय एक्सायटर. स्पीकरचाच भाऊ, फक्त कागदी कोन नसतो, ज्या फळीला चिकटवाल ती फळी तो हलवतो. २० ते २५ वॅटचा एक पुरे. त्याला टीपीए३११६ चिपचा साधा अॅम्प्लिफायर बोर्ड, लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात असतो. १२ ते २४ व्होल्टचा अडॅप्टर, जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टवाला घरात पडला असेल तर तोही चालतो. सगळं मिळून पाच हजारांच्या आत बसायला हरकत नाही.

हजार हर्ट्झच्या वरचं मात्र कापायचंय, नाहीतर फळी स्वतःच स्पीकर होईल आणि पहाटे घरभर पियानो. त्यासाठी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर एवढंच लागतं. अॅम्प्लिफायरच्या आधी वायरीत १ किलोओहमचा रेझिस्टर आणि तिथून ग्राउंडच्या वायरीला ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की कट साधारण ७०० हर्ट्झला येतो. कोणीही टीव्हीवाला दहा मिनिटांत जोडून देईल.

सिग्नल कुठून घ्यायचा? तुमच्या पियानोच्या मागे 'ऑक्स आउट' किंवा 'लाइन आउट' आहे का पाहा. बऱ्याच मॉडेलांत हेडफोन लावले तरी तिथून आवाज येत राहतो. नसेल तर पुढे हेडफोनची दोन भोकं असतात, एकात तुमचे हेडफोन, दुसऱ्यात अॅम्प्लिफायर. लॅपटॉपमधून पियानोटेकसारखं पियानोचं सॉफ्टवेअर वगैरे वाजवायच्या फंदात पडू नका असं मी म्हणेन. वाईट नाही ते, उलट त्यात बोटांसाठी वेगळं चॅनल काढता येतं. पण मग बफर सांभाळा, म्हणजे लॅपटॉप आवाज थोडा साठवून मग सोडतो तो साठा. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर म्हणजे जवळजवळ ३ मिलिसेकंद, ५१२ केला की साडेअकरा. थरथर उशिरा आली की बोट लगेच चिडतं. थेट वायरीत ही भानगडच नाही.

आता जागा, आणि सगळं यावर अवलंबून आहे. एक्सायटर स्टँडला लावायचा नाही. पियानोच्या प्लास्टिकच्या तळालाही नाही, ते नुसतं झणझणतं. सुताराकडून पियानोच्या मापाची १८ मिलिमीटरची प्लायची फळी कापून घ्या. फळीवर पियानो, दोघांच्या मध्ये काही नाही, दोन बेल्टनी घट्ट आवळलेला. एक्सायटर फळीच्या खालच्या बाजूला, मध्यापासून थोडा डावीकडे, स्क्रूने. आणि फळी व स्टँड यांच्या मध्ये मऊ रबराचे तुकडे. म्हणजे कंप वर पट्ट्यांकडे जाईल, खाली काकांकडे नाही.

आवाज किती ठेवायचा याची खूण सांगतो. डाव्या हाताने 'जी' धरा, उजवं बोट दुसऱ्या पट्टीवर नुसतं टेकवा. जेमतेम कळलं पाहिजे. बोट उचललं आणि तरी काही ऐकू येत असेल तर कमी करा. पहिल्या दिवशी सगळेच जास्त ठेवतात आणि मोबाइल व्हायब्रेटवर टाकल्यासारखं वाजत बसतं.

गिरगावकरीण

सदोबा, तुमचे पाय कुठे आहेत ते सांगा, पाया पडायला येते. ऑक्स आउट आहे! मुलगा म्हणतो तो कपॅसिटर तो लावेल, शाळेत असताना त्याने रेडिओ केला होता.

एक शंका. हे सगळं बोटाला कळेपर्यंत सूर तर वाजून गेलेला असतो ना? मग वाजवताना त्याचा उपयोग काय? सून हाच मुद्दा काढणार, आधीच तयारी करून ठेवते.

काळी_चार

मी पेट्या आणि ऑर्गन दुरुस्त करतो, लालबागला. पियानोही येतात अधूनमधून. पारशी घरातले, रंग उडालेले, आत उंदीर. तर मी जरा थंड पाणी ओततो, रागावू नका.

ताईंची शंका खरी आहे. पियानोत हातोडी तारेला लागायच्या आधीच पट्टीपासून सुटते. शेवटचा थोडा प्रवास ती एकटी करते. त्यामुळे सूर वाजल्यावर बोटाने कितीही दाबा, कुरवाळा, त्या सुरात काही फरक पडत नाही. पेटीत तसं नाही, तिथे डाव्या हातात भाता आहे, सूर चालू असताना हवा कमीजास्त होते. तानपुऱ्याचा भोपळा मांडीला लागतो तेव्हा गाणाऱ्याला तो पूर्ण वेळ कळत असतो, आणि गळा तेवढ्यात दुरुस्त करता येतो. पियानोवाल्याला ही चैन नाही.

मग थरथरीचा उपयोग दोनच ठिकाणी. कधी उचलायचं ते ठरवायला, आणि पेडल किती सोडायचा ते ठरवायला. ताईंच्या मिस नेमकं हेच शिकवत होत्या. सूर विझतोय हे बोटाला कळलं की पुढचा सूर त्याच्या शेपटीवर बसवता येतो. म्हणून माझा सल्ला वेगळा आहे. आधी पेडल बघा. डिजिटलबरोबर जो लहानसा चौकोनी पेडल येतो तो बहुतेक वेळा चालू किंवा बंद एवढंच जाणतो. खऱ्या पियानोत पेडलने डँपर अर्धवट टेकवता येतात, सूर हळूहळू पुसता येतो. अर्ध्या पेडलची सोय नसेल तर बोटाला विझणं कळून करणार काय? पाय तर 'सगळं किंवा काहीच नाही' एवढंच बोलू शकतो.

आणि दुसरी गोष्ट, ताईंनी स्वतःच लिहिलीय पण सदोबाने सोडून दिली. स्टूल आणि तळपाय. जुन्या गिरगावातल्या घरांत लाकडी तुळया आणि फळ्या, त्यावर दोनेकशे किलोचा पियानो. सगळी जमीनच वाजायची. बोरिवलीच्या सिमेंटच्या स्लॅबवर खरा ग्रँड आणून ठेवला तरी तळपायाला ते मिळणार नाही. तेव्हा अपेक्षा जरा बेताने ठेवा. पाऊण भाग मिळेल, तो जर्मन पियानो नाही मिळणार. तो आत्ता असता तरी वाळवीने खाल्ला असता.

सर्किट_सदोबा

काळी चार, पेडलचं मान्य. शंभर टक्के.

पण 'उपयोग दोनच ठिकाणी' याला माझी हरकत आहे. फोंताना, पापेत्ती आणि मंडळींचा एक अभ्यास आहे, २०१७ साली अमेरिकेतल्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या जर्नलमध्ये छापून आला. त्यांनी पियानो वाजवणाऱ्यांना डिजिटल पट्ट्यांवर कधी कंपन चालू तर कधी बंद करून वाजवायला दिलं. बहुतेकांना कंपन असलेलं वाद्य जास्त चांगलं वाटलं. काहींना उलट, नसलेलंच बरं वाटलं, तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. आता यात कोणी सूर बदलू शकत नव्हता, तरी वाद्य चांगलं वाटलंच. वाद्य चांगलं वाटलं की माणूस जास्त वेळ बसतो. हा उपयोग नाही का?

तळपायाचं मुद्दाम सोडलं. तळपायाला थरथर द्यायची म्हणजे जमीन हलवायची, आणि जमिनीखाली काका आहेत.

माळ्यावरचा_ड्रमर

काकांच्या विषयावर मी बोलतो, मुलुंडला मी याच विषयात पीएचडी केलीय, गाइड म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी.

ताई, काकांना ऐकू येणारी 'टक टक' हा पियानोचा आवाजच नाही. ती पट्टी तळाला आपटते तो धक्का आहे. आत हातोड्यांची वजनं आहेत, ती धावतात, थांबतात, तो धक्का स्टँडच्या चार पायांतून स्लॅबमध्ये. हवेतून येणारा आवाज भिंत अडवते, स्लॅबमध्ये शिरलेला धक्का कोणी अडवत नाही. म्हणून हेडफोनने तुमचे घरचे सुखी, खालचे दुःखी. एक्सायटर नसतानाही हे आहेच, तेव्हा हे आधी सोडवा.

नुसती सतरंजी किंवा योगा मॅट टाकून फार फरक पडत नाही. ड्रमवाले करतात ते करा. प्लायच्या दोन फळ्या, मध्ये जुने टेनिस बॉल. खालच्या फळीला बॉलपेक्षा लहान भोकं पाडायची म्हणजे बॉल गडगडत नाहीत. वर स्टँड आणि तुमचं स्टूल दोन्ही, एकाच फळीवर. जिमखान्याबाहेर वापरलेले बॉल स्वस्तात मिळतात. फळी जरा डुलते, पहिल्यांदा बोटीत बसल्याची भीती वाटेल, मग सवय होते. आणि गंमत म्हणजे स्टूल त्याच फळीवर असल्यामुळे थोडी थरथर तुमच्या बैठकीला मिळते, काळी चार म्हणतात ती. स्लॅबला नाही.

नियम माहीत असावा म्हणून सांगतो: २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल. तुमची टक टक त्याच्या खालीच असेल. पण हे काकांना लिफ्टमध्ये सांगू नका, माझ्या अनुभवावरून.

गिरगावकरीण

मंडळी, झालं एकदाचं, म्हणजे बरंचसं.

मुलाने कपॅसिटर लावला. सुतार फळी कापायला आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, कीर्तनाची पेटी का?" मी हो म्हटलं, समजावत कोण बसणार. सदोबांनी सांगितलेल्या जागी एक्सायटर बसवला. चालू केल्याबरोबर पहिलं काय झालं असेल तर नोटेशन ठेवायचा प्लास्टिकचा पडदा मधल्या 'ई'वर खडखडायला लागला. फक्त 'ई'वर. त्याच्या खाचेत फेल्टची चकती सरकवली, गेला. मग दिव्याचा स्टँड एका वेगळ्याच सुराला. मग माझ्या चष्म्याचं घर, ते पियानोवरच होतं. असं घरभर खडखड शोधत फिरलो.

आणि मग मी 'जी' धरला.

पाऊणच आहे, काळी चार म्हणाले तसं. थरथर सगळ्या पट्ट्यांना सारखीच मिळते, पण मिसच्या पियानोत डावीकडच्या पट्ट्या जास्त बोलायच्या. खालच्या दोन सप्तकांत तर ती थोडी गुळगुळीत वाटते, खरखर नाही. पण मधल्या भागात खरंच आहे. हात हलका पडायला लागलाय हेही कळलं. पूर्वी काही लागत नाही म्हणून मी जोर लावत होते, मनगट दुखायचं. सुनेला बसवून डोळे मिटायला लावले आणि मुलाने मागून बटण चालू-बंद केलं. प्रत्येक वेळी ओळखलं तिने. काही बोलली नाही, पण नंतर स्वतःच बटण चालू-बंद करत बसली होती.

टेनिस बॉलचा माळा अजून केलेला नाही, तूर्त जाड रबराचे ठोकळे ठेवलेत. काका लिफ्टमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, "नवीन वॉशिंग मशिन घेतलंत वाटतं?" म्हणजे बॉल आणावेच लागणार.

काळी चार, आता पेडलचं सांगा. दुकानात अर्ध्या पेडलचा म्हणून एक दाखवला, पण माझ्या पियानोला चालेल का ते दुकानदाराला छातीठोक सांगता येईना.

काळी_चार

दुकानदाराचा दोष नाही. आधी तुमच्या पियानोच्या माहितीपुस्तिकेत पेडलच्या भोकाजवळ 'हाफ पेडल' किंवा 'कंटिन्युअस' असं लिहिलंय का पाहा. लिहिलं नसेल तर कितीही भारी पेडल आणा, तो चालू-बंदच राहणार. लिहिलं असेल तर पुस्तिकेत ज्या पेडलचं नाव दिलंय तोच घ्या. कंपन्यांची आतली जोडणी एकसारखी नसते, दुसऱ्याचा लावला तर कधी अर्धं पेडल मिळतच नाही, कधी उलटंच होतं, पाय उचलला की सूर लांबतो.

घ्यायच्या आधी पियानोवाल्या दुकानात त्याच मॉडेलवर लावून बघा. धोबी तलावला जाणार असाल तर पेडल अगदी हळू, मिलिमीटर मिलिमीटर सोडून ऐका. सूर एका झटक्यात तुटला तर परत करा, पुसत गेला तर पैसे द्या.

माळ्यावरचा_ड्रमर

बॉल कमी पडले तर माझ्याकडे एक पिशवी आहे. मुलुंड पश्चिम, न्यायला यावं लागेल.